हिरव्या खांद्यांची गाडी

गाडीचे खांदे हिरवे होते. बाकीची गाडी निळी होती, किंवा कधीतरी निळी असावी इतपत होती.

मी वेल्ह्याकडच्या विंझर गावी एका जुन्या गोठ्यात उभी होते. समोर विटांवर चढवलेली, दोन सीटची, छप्पर नसलेली विलायती स्पोर्ट्स गाडी. माझ्या एका बाजूला तिचे मालक सरपोतदार काका, वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी. दुसऱ्या बाजूला त्यांच्या शेताची राखण करणारे किसनदादा, डोक्यावरची टोपी हातात. आणि काकांच्या मोबाईलच्या स्पीकरवर पुण्याहून काकांचा मुलगा निखिल.

"मॅडम, तुम्ही बघा, फोटो काढा, पण बाबांना उगाच होप देऊ नका," निखिल म्हणाला. "सोमवारी ट्रान्सपोर्टर येतोय. जुना रंग मेटलपर्यंत काढायचा आणि नवा लावायचा. रेड. या गाड्या रेडच शोभतात."

काकांनी फोन बंद केला. म्हणजे त्यांना तसं वाटलं. "हा लहानपणापासून असाच आहे," हे पुढचं वाक्य निखिलनेही नीट ऐकलं.

माझं पेंटचं वर्कशॉप भोरजवळ उत्रोलीच्या रस्त्याला आहे. त्याआधी बरीच वर्षं मी गाड्यांच्या एका कारखान्यात पेंट शॉपच्या क्वालिटीत होते. दिवसभर नव्या दरवाज्यांवरचे डाग शोधायचे, हेच काम. घरच्या माणसांतही तेच शोधायची सवय तिथूनच लागली, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. वर्कशॉपवर पाटी माझ्या नावाची आहे, तरी लोक आत येऊन "पेंटर कुठंय?" असं मलाच विचारतात. काकांनी तसं विचारलं नाही. त्यांनी पहिल्या फोनपासून मला "पेंटरबाई" करून टाकलं.

बापलेकांत एक तह झाला होता. मूळ रंग वाचतो असं कुणी जाणकारानं दाखवून दिलं, तर गाडी आहे तशी राहील. नाहीतर सोमवारी जाईल. नुसतं सांगून चालणार नव्हतं, दाखवायचं होतं. आणि तो दिवस शुक्रवार होता.

"नव्या रंगात वाईट काय आहे, काका?" मी विचारलं. असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते. उत्तरावरून कळतं की काम किती जपून करायचं.

"वाईट काही नाही," ते म्हणाले. "पण मग ती माझी गाडी नाही. माझ्या गाडीच्या आकाराची गाडी."

म्हटलं, जपूनच करावं लागणार.

आता थोडं धंद्याचं. आजच्या गाडीवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. चमक त्याची, रंग आपला खाली निवांत. जुन्या गाड्यांना असले लाड नव्हते. रंगही तोच आणि चमकही त्याचीच. याला सिंगल स्टेज म्हणतात. वर्षं गेली की त्या रंगातला तेलकटपणा जातो, वरचा पापुद्रा कोरडा पडतो आणि त्याची भुकटी व्हायला लागते. बोट फिरवलं की बोट निळं. थंडीत टाचा पांढऱ्या पडतात ना, तोच प्रकार. तेल चोळलं की टाच जशी माणसात येते तसा हा रंगही येतो. अट एकच, खाली रंग शिल्लक पाहिजे.

तो किती शिल्लक आहे हे गेज सांगतो. मुठीत मावेल एवढं यंत्र, पत्र्याला टेकवलं की रंगाची जाडी दाखवतं. मूळ रंग म्हणजे एखाद-दोन केस एकावर एक ठेवले तर होईल एवढा जाड. त्यात घासून चमक आणणारं बफिंग मशीन चार फेरे जास्त फिरलं तर खालचं अस्तर, म्हणजे प्राइमर, डोकावतं आणि मग देवसुद्धा काही करू शकत नाही.

तर, खांदे. पुढच्या चाकांवरचा जो फुगीर भाग, त्याला लोक मडगार्ड म्हणतात, आम्ही फेंडर. या गाडीचे फेंडर इतके भरदार होते की खांदेच म्हणावेत. आणि दोन्ही बाजूंना, वरच्या गोलाईवर, शेवाळी हिरवा रंग. बॉनेट निळं, दरवाजे निळे, फक्त खांदे हिरवे.

माझा पहिला संशय सरळ होता. कुणीतरी मधल्या काळात फेंडर रंगवले आणि शेड चुकवली. तसं मी काकांना म्हटलं. त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. फेंडर रंगवले असतील तर मूळ रंगाची गोष्ट तिथंच संपत होती आणि निखिलची लाल गाडी सुरू होत होती.

"शक्य नाही," ते म्हणाले. "मी पुण्याला राहायला गेलो तेव्हा बजावून गेलो होतो. गाडीला फडकंसुद्धा लावायचं नाही. काय रे किसन?"

"न्हाई काका. फडकं न्हाई लावलं कुनी," किसनदादा म्हणाले. ते टोपीकडे बघत होते.

काकांचा हुकूम तसा बरोबरच होता. धूळ बसलेल्या रंगावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच. मी गेज लावला. बॉनेट, दरवाजा, डावा खांदा, उजवा खांदा. जाडी सगळीकडे जवळपास सारखी. वर दुसरा रंग चढवला असता तर आकडा उडी मारून वर गेला असता. फेंडर मूळ रंगातच होते. काका गव्हाणीच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

दुसरा संशय शेवाळाचा. वेल्ह्याकडचा पाऊस असा की उभ्या माणसावर शेवाळ धरावं. मी साबणाच्या पाण्यानं गाडी हलक्या हातानं धुतली. कोळ्याची जाळी गेली, मेणचट घाण निघाली, एक पाल स्वतःहून निघाली. हिरवा रंग जागचा हलला नाही.

मात्र दुसरी एक गोष्ट लक्षात आली. बॉनेटवर बोट फिरवलं की बोट निळं होत होतं. हिरव्या खांद्यांवर फिरवलं की बोट स्वच्छ. म्हणजे भुकटी नाही, कोरडेपणा नाही. आख्ख्या गाडीत सगळ्यात ठणठणीत रंग तोच होता, जो सगळ्यात वाईट दिसत होता. नोकरीत असं पाहिलं होतं, पण ते माणसांच्या बाबतीत.

मग मी मऊ कापडावर थोडं तेलकट पॉलिश घेऊन चाचणी केली. बॉनेटवर चोळलं, कापड निळं झालं. हे अपेक्षित होतं, मेलेला रंग कापडावर येतोच. खांद्यावर चोळलं, कापड पिवळं झालं. निळ्या गाडीतून पिवळं कापड निघताना मी पहिल्यांदाच बघत होते. मी ते नाकाला लावलं. खवट तेल, आणि त्यामागे सरळ स्वयंपाकघर.

"किसनदादा, जरा चुना द्या," मी म्हटलं.

"पेंटरबाई, तुम्ही तंबाखू खाता?" काकांनी विचारलं. आवाजात धक्का होता, पण थोडा आदरही वाढलेला वाटला.

मी डबीतला चुना बोटावर घेतला आणि कापडाच्या पिवळ्या डागावर टेकवला. गाडीवर नाही, कापडावर. डाग बघता बघता लाल झाला. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे शिकायला मला कारखान्यात जावं लागलं नव्हतं.

नेमक्या त्याच वेळी किसनदादांच्या कारभारीण हौसाबाई चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी लाल झालेलं कापड पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. चहाचा ट्रे खाली ठेवला आणि पदर नीट केला.

"आता लपवून काय करायचं," त्या म्हणाल्या. "म्याच लावती. दर पोळ्याला."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदमळणी असते, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोललेला असतो. त्याला गरम पाण्यानं शेकायचं, तेल-हळद चोळायची आणि उद्या जेवायला या म्हणून आवतण द्यायचं. हौसाबाईंच्या घरी हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. मग किसनदादांचे गुडघे गेले, शेत ट्रॅक्टरवर आलं आणि शेवटची जोडी विकली. गोठा रिकामा झाला. त्या रिकाम्या गोठ्यात काकांनी गाडी आणून लावली.

पुढच्या पोळ्याला हौसाबाईंनी सवयीनं तेल-हळद कालवली आणि वाटी घेऊन गोठ्यात आल्या. आत फक्त गाडी.

"गोठ्यात कुनीतरी हाय आन त्याचं खांदं कोरडं ठिवायचं, ह्ये काय बरं दिसंना मला," त्या म्हणाल्या. "फडकं लावू नगा म्हनला व्हता तुमी. म्या हातानं लावलं."

काकांचा चेहरा लाल झाला. किसनदादा घाईघाईनं म्हणाले की ही तर लायटींना हिंगूळ पण लावणार होती, शिंगांना लावतात तसा, पण आपण लावू दिला नाही. या पुराव्याचा त्यांना वाटला तेवढा उपयोग झाला नाही.

"इतकी वर्षं मी तुमच्या भरवशावर राहिलो," काका म्हणाले. "एकच गोष्ट सांगितली होती. एकच. माझी गाडी म्हणजे काय बैल आहे?"

हौसाबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी चहाचे कप उगाचच इकडचे तिकडे केले. मला फार वाईट वाटलं. शिवाय मला हसूही येत होतं, आणि ते दाबताना ठसका लागला.

"काका, बोट दाखवा," मी म्हटलं. त्यांचं बोट मी आधी बॉनेटवर फिरवलं, मग खांद्यावर. "इथं रंग मेलाय. इथं जिवंत आहे. का, तर त्याला दर वर्षी तेल मिळालं. मी आता बाकीच्या गाडीला जे करणार आहे ते हेच. तेल पाजायचं, मुरू द्यायचं, पुसायचं. माझं अर्धं काम हौसाबाईंनी करून ठेवलंय."

"आणि हे हिरवं?" काकांनी विचारलं.

"ते दुसरं अर्धं. ते त्यांनी बिघडवून ठेवलंय."

निळ्यात पिवळं मिसळलं की हिरवं, हे शाळेतच शिकवतात. सुकलेल्या रंगानं तेल पिऊन घेतलं आणि तेलाबरोबर हळदही आत गेली. वर बसलेला डाग पुसता येतो. आत मुरलेला डाग घासून काढायचा तर डागाबरोबर रंग जातो. थिनर लावावा तर हा जुना रंग लोण्यासारखा विरघळतो. मी कट्ट्यावर बसून चहा प्यायले. चहात हळद नव्हती, याची खात्री करून घेतली.

उपाय सुचला तो दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर दिसलं म्हणून. वरणाचा डाग पडलेला सदरा आपण धुतो, डाग फिका होतो, जात नाही. मग तो उन्हात टाकतो आणि संध्याकाळी डाग नसतो. हळदीला ऊन सोसत नाही.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते उभेच राहिले. इतकी वर्षं गाडी उन्हापासून लपवली आणि आता उन्हात घालायची? ऊन रंगाचा वैरी, हे त्यांनी मलाच शिकवलं. मी म्हटलं, खरंय, पण हळदीचा जास्त मोठा वैरी आहे. रंगाला मारायला त्याला वर्षं लागतात, हळदीला दोन दिवस पुरतील. आधी हळद जाईल. ती गेली की लगेच गाडी परत आत घेऊ.

"आणि नाही गेली तर?"

"तर सोमवार आहेच," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी चाकांत हवा भरली, विटा काढल्या आणि गाडी अंगणात ढकलली. ढकलताना किसनदादांनी सवयीनं जिभेनं टक् टक् केलं. बाकीच्या अंगाला ऊन लागू नये म्हणून हौसाबाईंनी घरातल्या सगळ्या गोधड्या काढून दिल्या. फक्त दोन खांदे उघडे. एका खांद्यावर मी मास्किंग टेपची पट्टी चिकटवली, म्हणजे झाकलेला आणि उघडा भाग नंतर शेजारी शेजारी बघता येईल. अंगणातून वेल्ह्याचा रस्ता दिसतो. त्यावरून जाणारा शेजारच्या मार्गासनीचा एक म्हातारा मोटरसायकल थांबवून बराच वेळ बघत राहिला.

"आजारी हाय का?" त्यानं विचारलं.

"खांद शेकतोय," किसनदादा म्हणाले. त्याला ते पटलं आणि तो गेला.

खांदे उन्हात असताना मी गोधडीखाली हात घालून बॉनेटवर काम करत होते. बरोबर मध्यावर टेप लावून फक्त उजवी बाजू घेतली. पॉलिश पातळ लावायचं, बोटांनी गोल गोल मुरवायचं, तसंच ठेवायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं. मशीन नाही. कापडं निळी होत गेली. एकेक बादलीत टाकताना काका त्याकडे असे बघत होते की जणू मी गाडीच घडी घालून बादलीत टाकतेय.

दुपारी आभाळ आलं. ऑक्टोबरात आमच्याकडं असं होतं. लख्ख ऊन असतं आणि तासाभरात राजगडाच्या अंगानं काळं काहीतरी निघतं. गोधड्या भिजल्या, आम्ही भिजलो, गाडी कशीबशी गोठ्यात घेतली. संध्याकाळी मी खांदे पाहिले. हिरवं जरा फिकं वाटत होतं. काकांना वाटत नव्हतं. हौसाबाईंनी पाहिलंच नाही, त्या म्हणाल्या मला धीर नाही.

रविवारी ऊन चांगलं पडलं. मी मनातल्या मनात त्याला नवस बोलून टाकला. दुपार कलली आणि अंगणात एक मोठी चकचकीत गाडी शिरली. निखिल आला होता, एक दिवस आधीच. मागे ट्रान्सपोर्टरचा टेम्पोही.

त्यानं गोधड्यांत गुंडाळलेली गाडी पाहिली, तिच्याजवळ खुर्ची टाकून बसलेले वडील पाहिले, आणि गॉगल कपाळावर चढवला. "मॅडम, हे काय चाललंय?"

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला समजावायचं नसतं, त्याच्यासमोर टेप ओढायची असते. बॉनेटवरची गोधडी काढली आणि मधली टेप ओढली.

डावीकडे खडूनं पांढुरकी झालेली पाटी. उजवीकडे निळा. पत्र्यावर लावलेला वाटू नये, आत खोल कुठंतरी असावा असा निळा. निखिलचा चेहरा त्यात दिसत होता. तोंड उघडं होतं.

"हा नवा रंग आहे?" त्यानं विचारलं.

"तुमच्या जन्माआधीचा आहे," काका म्हणाले. मुलाला रागानं "तुम्ही" म्हणायची त्यांची पद्धत होती, पण या वेळी राग दिसला नाही.

आता खांदे. मी टेपची पट्टी सावकाश ओढली. पट्टीखाली हिरवी रेघ होती, अगदी पहिल्यासारखी. आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना निळं होतं. हौसाबाई माझ्या मागून वाकून बघत होत्या. "गेली की वो," त्या हळूच म्हणाल्या. मग रडल्या. शुक्रवारपासून अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं. काका उठले, त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "चहा टाका."

टेम्पो रिकामा परत गेला.

पट्टीखालची रेघही उन्हात घालवली, आणि पुढचे काही आठवडे मी उरलेली गाडी जागवली. सगळी जागी झाली नाही. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या वरच्या कडेला रंग पार झिजून प्राइमर दिसत होता. तिथं मी काही केलं नाही. निखिलनं विचारलं, निदान एवढं टच-अप? मी काकांना गाडीत बसायला सांगितलं. ते बसले, आणि त्यांचा कोपर आपोआप त्या जागेवर जाऊन टेकला. तरुणपणी गाडी चालवताना तो तिथंच टेकलेला असायचा. उरलेला रंग जागवता येतो, गेलेला आणता येत नाही. आणि तो कुठं गेला हे माहीत असेल तर आणूही नये. निखिल तेव्हापासून रेडबद्दल बोलला नाही.

त्याच्या पुढच्या पोळ्याला काकांचं मला आवतण आलं. फोनवर आवाज जरा दबलेला होता. तंटा झाला होता. गाडीला तेल द्यायला काकांची हरकत नव्हती, उलट दर वर्षी द्याच असं त्यांचं म्हणणं होतं. माझं पॉलिशसुद्धा त्यांनी आणून ठेवलं होतं. अट एकच, हळद नको. त्यावर हौसाबाई अडून बसल्या होत्या.

मी पोचले तेव्हा त्या गोठ्यात वाटी घेऊन उभ्या होत्या. "ताई, तुमीच सांगा," त्या म्हणाल्या. "हळदीबिगर खांदमळणी व्हती व्हय कदी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. क्वालिटीत इतकी वर्षं पास-नापासच्या सह्या केल्या, पण असा निवाडा कधी माझ्यापुढं आला नव्हता. मी गाडीभोवती एक चक्कर मारली. गेज काढला, बॉनेटला लावला, उगाच मान हलवली. मग खाली वाकून तो टायरला लावला. रबरावर गेज काहीच दाखवत नाही. काकांना ते माहीत नव्हतं.

"इथं चालेल," मी म्हटलं.

या कामातून मी एक गोष्ट शिकले. जुनी गाडी आली की आता मी आधी वास घेते, गेज नंतर लावते. आणि विंझरची ती गाडी तुम्हाला पोळ्याच्या सुमारास कधी दिसलीच, तर तिचे खांदे निळे असतील आणि पाय पिवळे. रंग मूळ आहे. सही माझी आहे.